जुनी भिंगे आणि त्यांचे मोल

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणनिधी, वसतिगृह, वधूवरसूचक शाखा अशा सर्वांच्या जिव्हाळ्याच्या विषयांवर अधिकारी वक्ते बोलत आले आहेत. त्यांच्या पंक्तीत कॅमेऱ्याच्या जुन्या भिंगांचा विषय काहीसा परका वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि चिटणीसांनी तो सुचविला, त्याला कारण घडले. गेल्या दोनतीन वर्षांत आपल्या ज्ञातीतील पाचसहा कुटुंबांनी घरात सापडलेले कॅमेरे व भिंगे आमच्याकडे पाहावयास आणली. कोणाचे आजोबा रेल्वेत होते, कोणाचे विलायतेस शिकावयास गेले होते, कोणाच्या काकांचा फोटोचा स्टुडिओ होता. वस्तू वेगवेगळ्या, परंतु प्रश्न एकच : "याचे किती येतील?" या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. ते कसे काढावयाचे एवढेच आज सांगावयाचे आहे. आम्ही या विषयाचे व्यापारी नव्हे. तीसएक वर्षे हौसेने भिंगे जमविणारे आणि वापरणारे आहोत. त्या अनुभवाच्या मर्यादेतच हे बोलणे घ्यावे.

प्रथम, कोणत्या भिंगांविषयी बोलत आहोत ते स्पष्ट केलेले बरे. जुन्या कॅमेऱ्यांत एक जात रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक कॅमेऱ्यांची. या कॅमेऱ्याच्या माथ्यावर काही बोटांच्या अंतराने दोन खिडक्या असतात. त्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा छायाचित्रकाराच्या डोळ्याशी येतात. भिंगाचे कडे फिरविले की त्याच्या पाठीमागील धातूचे वर्तुळ कॅमेऱ्यातील एका दांडीला ढकलते आणि दोनपैकी एक प्रतिमा सरकू लागते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की अंतर साधले. यातील मर्म असे की छायाचित्रकार भिंगातून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. भिंगामागे आरसा नसल्यामुळे भिंग लहानखुरे करता येते आणि त्याची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. उलट, दांडीचा आणि वर्तुळाचा हा संबंध केसाएवढा जरी चुकला, तरी डोळ्याला सर्व ठीक दिसते आणि चित्र मात्र धूसर येते. पुढे जे सांगणार आहोत त्याचा बराच भाग या एका केसाएवढ्या फरकाचा आहे.

या कुळाचा मूळ पुरुष जर्मनीतील व्हेट्झलार गावचा. एर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांच्या कारखान्यात ऑस्कार बार्नाक नावाचे कारागीर होते. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारा खिशात मावेल असा कॅमेरा त्यांनी १९१४ च्या सुमारास तयार केला आणि महायुद्धानंतर, १९२५ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत, तो लायका या नावाने विक्रीस आला. त्याचे भिंग मॅक्स बेरेक यांनी रचले. बेरेक हे भिंगांना नावे देण्यातही रसिक असावेत. 'एल्मॅक्स' हे नाव लाइट्झ आणि मॅक्स या दोघांच्या नावांतून निघाले व पुढे त्याचे 'एल्मार' झाले. 'हेक्टर' हे मात्र त्यांच्या कुत्र्याचे नाव. दुसऱ्या कुत्र्याचे नाव रेक्स, तेही 'सुमारेक्स' या भिंगात जाऊन बसले. आपल्याकडे कोणी घरच्या कुत्र्याचे नाव कारखान्याच्या मालाला दिले असते तर मालकाने काय म्हटले असते, ते सांगावयास नको.

१९३२ मध्ये लायकाच्या पोटातच अंतरमापक बसला आणि त्याच वर्षी झाइस या मातबर संस्थेने काँटॅक्स हा प्रतिस्पर्धी बाजारात आणला. काँटॅक्ससाठी लुडविग बेर्टेले यांनी रचलेल्या भिंगाचे नाव 'सोन्नार'. ऐकताना आपल्या पेठेतील सोनाराची आठवण होते खरी, पण हा शब्द सूर्याच्या जर्मन नावावरून आलेला आहे. त्याचे १:१.५ हे रूप त्या काळी फार मोठी गोष्ट होती. भिंगाच्या कपाळावर कोरलेला हा आकडा जितका लहान, तितके त्याचे तोंड मोठे आणि तितका अधिक प्रकाश आत येतो. लाइट्झचे साधे एल्मार १:३.५ चे; त्याच्या मानाने सोन्नार पाचपट प्रकाश घेत असे. युद्धापूर्वीच्या मंद फिल्मवर दिव्याच्या उजेडात चित्र काढावयाचे तर असेच भिंग हवे.

आता मोलाकडे येऊ. पुष्कळांची समजूत अशी की जुने ते दुर्मिळ आणि दुर्मिळ ते महाग. यांतले पहिले पाऊल चुकीचे आहे आणि दुसरेही पुरते बरोबर नाही. ५० मिलिमीटरचे एल्मार नव्वद वर्षांचे असूनही दुर्मिळ नाही, कारण ते तीन दशकांहून अधिक काळ अमाप निघाले. चित्र उत्तम देते, किंमत मात्र माफक. उलटपक्षी १९३५ चे 'थांबार' हे ९० मिलिमीटरचे भिंग सुमारे ३,००० च निघाले. त्याचे काम मुद्दाम मऊ, धुक्यात भिजल्यासारखे चित्र देण्याचे; चेहऱ्याच्या छायाचित्रासाठी ते केले होते. त्याच्याबरोबर एक काचेची चकती येई आणि तिच्या मध्यभागी एक लहानसा रुपेरी ठिपका असे. हा ठिपका मधल्या किरणांना अडवून कडेच्या किरणांना वाट देतो आणि त्यातूनच ती मृदुता वाढते. घरोघरी झाले असे, की या ठिपक्याला डाग समजून चकती फेकून दिली गेली. आज थांबार हाती आले की जाणकार प्रथम विचारतो, "चकती आहे का?" नसेल तर किमतीतला मोठा हिस्सा तेथेच गळतो. टोपण, छायाकडे, मूळ डबी, विकत घेतल्याची पावती या वस्तूंची गोष्टही अशीच. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत भंगारवाल्याला जे जाते, त्यात अशा चकत्या किती गेल्या असतील, कोण जाणे.

दुर्मिळ परंतु कोणालाच नको, अशीही भिंगे आहेत. मोल ठरते ते किती निघाली यावर आणि किती जणांना हवी आहेत यावर, दोहोंवर मिळून. आणि हवी असण्याची कारणे काळागणिक बदलतात. १९५९ मध्ये निकॉन एफ हा आरशाचा कॅमेरा निघाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत वृत्तछायाचित्रकारांनी अंतरमापक कॅमेऱ्यांची साथ बहुतांशी सोडली व ही भिंगे मागे पडली. मग २००४ मध्ये एप्सन कंपनीचा आणि २००६ मध्ये लायकाचा असे अंतरमापक असलेले डिजिटल कॅमेरे आले. २०१० च्या पुढे आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे सर्वत्र झाले, आणि एक साधे कडे मध्ये बसविले की त्यांवर ऐंशी वर्षांचे भिंगही चालू लागले. ज्यांना फिल्म कशी भरतात हे ठाऊक नाही, अशी तरुण मुले आज सोन्नार आणि सुमिक्रॉन शोधत फिरतात. पडून राहिलेल्या मालाला असा अनपेक्षित उठाव आला.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही विशेषतः हे बोलणे पत्करले ती सांगतो. भिंगे बदलता येतील असा लायका १९३० मध्ये निघाला. तेव्हा अंतरमापक निराळा असून कॅमेऱ्याच्या डोक्यावर खोचावा लागे. या पहिल्या वहिल्या कॅमेऱ्यांत भिंग आणि फिल्म यांमधील अंतर प्रत्येक नगात किंचित वेगळे असे. म्हणून कारखान्यात प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्यावर बसवून, घासून, जुळवून देत आणि त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक भिंगाच्या धातूवर कोरीत. १९३१ मध्ये हे अंतर सर्व नगांसाठी २८.८ मिलिमीटर असे कायम केले गेले. तशा कॅमेऱ्याच्या व भिंगाच्या तोंडाशी एक लहानसे शून्य उमटविलेले असते. म्हणजे शून्याच्या आधीची भिंगे ही लग्नाच्या गाठीसारखी एकेका कॅमेऱ्याशी बांधलेली आहेत. दुसऱ्याच्या घरी ती नांदत नाहीत. त्यांतही बरेच कॅमेरे मालकांनी पुढे कारखान्यात परत पाठवून नव्या पद्धतीचे करून घेतले, त्यामुळे मूळ जोड्या फार थोड्या राहिल्या आहेत.

आमच्याकडे आपल्याच ज्ञातीतील एक वयस्कर गृहस्थ असा एक कॅमेरा घेऊन आले. गावांची व माणसांची ओळख पटेल असे काही आम्ही सांगणार नाही. त्यांचे वडील त्या काळी जर्मनीत शिकावयास होते व येताना त्यांनी तो आणला होता. कॅमेऱ्याबरोबर ५० मिलिमीटरचे भिंग होते आणि भिंगावरचे तीन अंक कॅमेऱ्याच्या क्रमांकाशी जुळत होते. आम्ही त्यांना विचारले, "आणखी भिंगे होती का?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "होती. वाटणीत धाकट्याकडे गेली." पुढे सहा महिन्यांनी, या भेटीची काहीही कल्पना नसताना, धाकट्या भावाच्या सूनबाई दोन भिंगे घेऊन आल्या. एक ३५ चे, एक १३५ चे. त्यांच्या यजमानांनी ती एका नव्या कॅमेऱ्यावर चढवून पाहिली होती. चित्रे धूसर आली. भिंगे बिघडली असे ठरले. एका दुकानदाराने तर दोन्ही मिळून इतकी क्षुल्लक रक्कम सांगितली होती की आम्हांस ती येथे उच्चारवत नाही. सूनबाईंची मुलगी वैद्यकीय शिक्षणास निघाली होती आणि त्या पैशांची खरोखरच निकड होती. आम्ही भिंगाच्या कडेशी बारीक भिंग धरले. तेच तीन अंक.

भिंगे बिघडलेली नव्हती. ती आपल्या घरापासून तुटलेली होती. तीन भिंगे आणि कॅमेरा ही चारही एका पेटीत आली तर जगातील कोणताही जाणता संग्राहक त्यासाठी उठून येईल. वेगवेगळी राहिली तर कॅमेऱ्याला बरी किंमत, आणि दोन भिंगांना, जी कोणाच्याही कॅमेऱ्यावर चालणार नाहीत, जवळजवळ काहीच नाही. दोघा भावांमध्ये राहत्या घरावरून अकरा वर्षांचा अबोला होता. आम्ही दोघांनाही एकाच मजकुराचे पत्र लिहिले : वस्तू काय आहे, एकत्र काय येईल, वेगळी काय येईल, आणि एकत्र विकल्यास वाटा कसा ठरवावा याविषयी आमचे मत. थोरल्यांचे उत्तर आले की भिंगे पाठवून द्यावीत, पैशाचे नंतर पाहू. धाकट्यांचे उत्तर आले की कॅमेरा पाठवून द्यावा, पैशाचे नंतर पाहू. मुलीचे प्रवेशशुल्क आमच्या मंडळाच्या शिक्षणनिधीतून कर्जाऊ भरले गेले, हे पदाधिकाऱ्यांस ठाऊक आहे. ती जोडी अद्याप एका पेटीत आलेली नाही.

म्हणून, वाटणीच्या याद्या करताना 'कॅमेरा एक, काचा दोन' असे लिहून मोकळे होऊ नये. क्रमांक पाहावेत, लिहून ठेवावेत. दागिन्यांचे आपण तोळे-मासे लिहितो; येथे तीन अंक लिहावयाचे आहेत.

दुसरा विषय नकली मालाचा. तो समजावयास थोडा इतिहास पाहावा लागतो. १९४५ मध्ये येना शहर सोव्हिएत ताब्यात गेले आणि काँटॅक्स बनविण्याची सामग्री युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघात नेण्यात आली. कीव्ह शहरात काँटॅक्सचा जुळा भाऊ 'कीव्ह' या नावाने निघू लागला. सोन्नारच्या रचनेची भिंगेही सोव्हिएत संघात झाली. आरंभीची काही तर जर्मनीतून आणलेल्या काचेचीच होती. पुढे त्यांना 'ज्युपिटर' हे नाव मिळाले. ज्युपिटर-३ म्हणजे १:१.५ चा सोन्नार, ज्युपिटर-८ म्हणजे १:२ चा. ही भिंगे नकली नव्हेत. आपल्या नावाने उजळ माथ्याने आलेली चांगली भिंगे आहेत आणि आजही, इतरांच्या मानाने, स्वस्त मिळतात. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा असे आमचे मत आहे. फक्त एक ध्यानात ठेवावे. लायकाच्या आट्यांची जी ज्युपिटर भिंगे आहेत, त्यांचे अंतराचे गणित काँटॅक्सच्या मापाने बेतलेले आहे. त्यामुळे लायकावर, तोंड पूर्ण उघडून जवळचे चित्र काढले, तर नेम थोडा चुकतो. पुन्हा तोच केसाएवढा फरक.

नकली माल तो, ज्याने बाप बदलला. सोव्हिएत 'फेड' आणि 'झोर्की' हे कॅमेरे लायकाच्या घडणीवर बेतलेले होते. त्यांवरचे नाव घासून त्या जागी लायकाचे नाव, गरुड, युद्धकालीन जर्मन विमानदलाची अक्षरे असले काहीबाही कोरून, वर सोनेरी मुलामा चढवून ते विकण्याचा धंदा बरीच वर्षे चालला आहे. बरोबरचे 'इंडस्टार-२२' हे भिंग मग 'एल्मार' होते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात : दोन्ही नळीसारखी ओढून बाहेर काढावयाची, दोन्ही १:३.५ ची. ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. खऱ्या एल्मारमध्ये प्रकाश कमीजास्त करणारी पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात. इंडस्टारमध्ये ती आणखी एक काच ओलांडून, दुसऱ्या काचेच्या मागे असतात. समोरून उजेडात धरून पाहिले की पाती जवळ आहेत की खोल, हे थोड्या सवयीने कळते. कॅमेऱ्याचे भिंग काढून आत पाहिल्यास खऱ्या लायकात दांडीच्या टोकाशी लहानसे गोल चाक दिसेल. सोव्हिएत कॅमेऱ्यात बहुधा पाचरीसारखे टोक. नाव कोरणारा नाव बदलतो. पोटातील हाडे बदलण्याची तसदी तो घेत नाही.

एका आजीबाईंनी असा सोनेरी 'लायका' मोठ्या विश्वासाने आमच्या हाती दिला होता. त्यांच्या यजमानांनी तो परदेशच्या एका बाजारातून हौसेने आणला होता आणि पन्नास वर्षे तो घरातील एकमेव मौल्यवान वस्तू म्हणून जपला गेला होता. खरे सांगणे भाग होते. त्या म्हणाल्या, "पण त्यांनी काढलेले फोटो तर खरे आहेत ना?" आम्ही हो म्हटले, आणि ते खरेच होते, भिंग उत्तम होते.

जपानी भिंगांविषयी न बोलणे अन्यायाचे होईल. १९५० साली 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत असताना त्यांच्या जपानी सहकाऱ्याने, जुन मिकी यांनी, ८५ मिलिमीटरच्या निक्कोर भिंगाने त्यांचे चित्र काढले. ते पाहून डंकन चकित झाले व थेट कारखान्यात गेले. त्याच जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि डंकन यांनी आपल्या लायकावर ही निक्कोर भिंगे चढवून ते टिपले. चित्रे अमेरिकेत पोहोचली तेव्हा संपादकांना त्यांची स्पष्टता नजरेत भरली. 'जपानी माल' म्हणजे हलका माल, ही समजूत येथून ढळू लागली. त्यानंतर मोठ्या तोंडाच्या भिंगांची जणू चढाओढ लागली. १९५३ मध्ये झुनो १:१.१, १९५६ मध्ये निक्कोर १:१.१, आणि १९६१ मध्ये कॅननने १:०.९५ चे भिंग काढले. या कॅननचे दूरचित्रवाणीच्या कामासाठी केलेले एक रूप आहे, त्याला अंतरमापकाची जोड नाही. कपाळावरचा आकडा तोच, पाठीमागचे वर्तुळ नाही. घेणाऱ्याने भिंग उलटे करून पाहावे.

लाइट्झचे उत्तर आले १९६६ मध्ये, 'नॉक्टिलक्स' १:१.२. त्यातील दोन पृष्ठभाग नेहमीच्या गोलाच्या आकाराचे नव्हते. त्या काळी असे पृष्ठभाग यंत्राने आपोआप घासता येत नसत. कसबी माणसाला ते एकेक करून, हाताचा अंदाज वापरून घासावे लागत आणि कित्येक नग टाकून द्यावे लागत. १९७५ पर्यंत सुमारे १,७५० भिंगे झाली आणि खर्च परवडेना म्हणून ते काम बंद झाले. आज ज्या भिंगाचे नाव संग्राहक हळू आवाजात घेतात ते हे. २०२१ मध्ये कंपनीने त्याची नवी आवृत्ती काढली. थांबारचीही २०१७ मध्ये निघाली होती. वापरावयाचे असेल त्याने नवी घ्यावी. जुन्यासाठी मोजावयाचा पैसा हा चित्राचा नसून त्या घासणाऱ्या हाताचा आहे, हे समजून मोजावा.

आणि येथे एक इशारा. २०२२ च्या जूनमध्ये व्हेट्झलार येथील लिलावात लायकाचा १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. ही बातमी वाचून आमच्याकडे बऱ्याच जणांचे दूरध्वनी आले. बंधूंनो, तो कॅमेरा विक्रीपूर्वीच्या चाचणीसाठी बनविलेल्या मोजक्या नगांपैकी एक आणि खुद्द बार्नाक यांच्या वापरातला होता. त्या आकड्यावरून आपल्या कपाटातील कॅमेऱ्याची किंमत काढणे म्हणजे कोहिनूरवरून नथीतल्या खड्याची किंमत काढणे होय.

आता स्थितीविषयी. भिंगाचा सर्वांत मोठा शत्रू धूळ नव्हे; शत्रू आहे साफसफाईची हौस. युद्धापूर्वीच्या पुष्कळ भिंगांवर लेप नसे. १९३३ च्या 'सुमार' या भिंगाची पुढची काच तर इतकी मऊ, की धोतराच्या सोग्याने पुसली तरी ओरखडे उठावेत. आज मिळणाऱ्या बहुतेक सुमारांच्या कपाळी असे शेकडो ओरखडे आहेत. कोणी ते घालविण्यासाठी काच पुन्हा घासून घेतो; मग ओरखडे जातात आणि बेरेक यांनी हिशेबाने दिलेली वळणही जाते. धातूचेही तसेच. जुन्या भिंगांवरील निकेलचा पिवळसर मंद रंग हाच त्यांचा जन्मदाखला. आमच्या पाहण्यात एक १९३१ चे हेक्टर आले, ७३ मिलिमीटरचे, १:१.९ चे, फारसे न आढळणारे. घरच्यांनी ते देवघरातील उपकरण्यांसारखे चिंचेने लखलखीत केले होते. अंकांतील काळा रंग गेला होता, निकेल गेले होते, पितळ मात्र समईसारखे झळकत होते. प्रेमानेच केले होते ते. काळा रंग उडून आतले पितळ डोकावू लागले असेल तर ते वापराने आलेले वार्धक्य आहे आणि जाणकार त्याचा मान ठेवतो. नवा रंग लावून घेतला की मान आणि दाम दोन्ही जातात.

कोकणपट्टीत आणि मुंबईत आणखी एक शत्रू आहे, पावसाळा. हवेतील दमटपणा बराच काळ साठ-सत्तर टक्क्यांवर राहिला की काचांच्या मध्ये बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. आरंभी भिंग उघडून पुसता येते. उशीर झाला की तंतूंतून स्रवणारे आम्ल लेप व काच कोरून टाकते आणि मग उपाय राहत नाही. आश्चर्य असे की भिंगाचा नाश बहुधा त्याच्या स्वतःच्या चामडी पिशवीतच होतो. चामडे ओल धरून ठेवते. पिशवी मोडीत काढू नये, तिचेही मोल आहे. पण भिंग तिच्यात ठेवू नये. घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतावे. पुन्हा निळे होतात. डांबराच्या गोळ्या भिंगाजवळ कदापि ठेवू नयेत. आणि महिन्यातून एकदा भिंग बाहेर काढून कडे फिरवावे, खिडकीशी बसून चार चित्रे काढावीत. अजिबात न हलविलेल्या भिंगातील वंगण सुकते, त्याची वाफ काचेवर बसून धुके धरते. कुलपात ठेवून भिंग जपता येते, असे मानणाऱ्या धनिक संग्राहकांशी आमचे म्हणूनच पटत नाही.

धुके, बुरशी आणि काचा चिकटविणाऱ्या कॅनडा बाल्समचे सुटणे, ही तीन दुखणी ओळखण्यास विजेरी पुरते. अंधाऱ्या खोलीत, भिंगाचे तोंड पूर्ण उघडून, मागून तिरपा उजेड टाकावा. धुके असेल तर सबंध काच दुधाळ उजळते. बुरशीचे तंतू दिसतात. बाल्सम सुटले असेल तर कडेशी इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात. १९५३ च्या आरंभीच्या काही सुमिक्रॉन भिंगांची काच पिवळसर दिसते. तिच्या घडणीत थोरियम आहे आणि ते किंचित किरणोत्सर्गी असते. घाबरण्याचे कारण नाही. ती काच मात्र फोडू वा घासू नये. काही दिवस उन्हात ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो.

विकावयाचेच असेल तर घाई करू नये, आणि पहिल्या दुकानातच सौदा करू नये. क्रमांक, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी काढलेली चित्रे आणि विजेरीच्या उजेडातले एक चित्र, एवढे जवळ असू द्यावे. परदेशांतील लिलावगृहांनी पूर्वी झालेल्या विक्रीचे आकडे प्रसिद्ध केलेले असतात. ते पाहावेत, आणि मागितलेली किंमत व मिळालेली किंमत यांतला फरक ओळखावा. लोक वाटेल ते मागतात. त्याबरोबरच एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे : वस्तू कोणाची, कोठून व केव्हा आणली, तिने काय काय टिपले. जुनी छायाचित्रे असतील तर त्यांतील एखादे सोबत जोडावे. याने दामही वाढते, परंतु आमचा आग्रह त्यासाठी नाही. वस्तू घराबाहेर गेली तरी चिठ्ठीची एक प्रत घरात राहते.

आजच्या सभेस आठ-दहा कुटुंबांनी आपापल्या वस्तू बरोबर आणल्या आहेत असे चिटणीसांनी सांगितले. सभागृहाच्या पूर्वेकडील खिडकीशी मेज मांडले आहे. तेथे उजेड चांगला आहे. चहापानानंतर आम्ही तेथे बसू. कृपा करून कोणी काच पुसून आणू नये. आहे तशीच आणावी. आणि ज्यांच्या घरच्या वाटणीत कॅमेरा एकीकडे व भिंगे दुसरीकडे गेली असतील, त्यांनी शक्य झाल्यास दोघांनी मिळून यावे.